थंड शेडमधली लिफ्ट

शेडमध्ये हीटिंग बसवायचं की गाडी उचलायची लिफ्ट, यावरून आमच्या घरी अख्खा उन्हाळा वाद चालला होता. दोन्ही करण्याइतके पैसे नव्हते. एकाला होकार म्हणजे दुसऱ्याला निदान काही वर्षं तरी नकार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आज सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही, पण सुरुवातीला मी स्वतः हीटिंगच्या बाजूने होते.

ब्राउनश्वाइगच्या बाहेर एका खेड्यात आम्ही जुनं घर घेतलं ते मागच्या शेडसाठी. निदान मी तरी शेडसाठी घेतलं; नवऱ्याला अजून वाटतं की बागेसाठी घेतलं. विटांची, उंच छपराची शेड, आधीचा मालक तिथे ट्रॅक्टर ठेवायचा. मी मेकॅनिकल इंजिनियर, सांगलीत शिकलेली. इथे एका कंपनीत गाडीच्या खालच्या भागांवर काम करते, म्हणजे चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्या मधोमध जे जे असतं त्यावर. दिवसभर ते सगळं स्क्रीनवर फिरवून फिरवून बघायचं आणि संध्याकाळी स्वच्छ हातांनी घरी यायचं. कधीतरी आपली एक जागा असावी, तिथे खऱ्या गाडीचा खरा गंजलेला नट सोडवता यावा, हे कॉलेजपासून मनात होतं.

हीटिंगच्या बाजूने मुद्दे भरपूर होते. हिवाळ्यात इथे लोखंड हातात धरवत नाही. उघड्या बोटांनी पाना उचलला तर कातडी त्याला चिकटल्यासारखी होते. हीटिंग नसेल तर शेड वर्षातले पाच-सहा महिने बंदच राहणार. पण तेवढं उंच छप्पर तापवायचं म्हणजे आतून इन्सुलेशन लावून खोटं छत टाकायला हवं, आणि ते टाकलं की उंची इतकी कमी होणार की पुढे कधी लिफ्ट बसवूच शकणार नाही. उलट, लिफ्ट घ्यायची तर जमीन फोडून जाड काँक्रीट ओतायचं, तीन फेजची वायर ओढायची, आणि मग छताला हात लावायचा नाही. म्हणजे थंडीशी कायमची सोयरीक.

नवरा सॉफ्टवेअरमध्ये. तो घरूनच काम करतो. उबदार शेडमध्ये टेबल टेनिसचं टेबल ठेवायचं त्याच्या मनात होतं. मुलगी सोळा वर्षांची, तिला मराठी सगळं कळतं आणि ती उत्तर जर्मनमध्ये देते. ती म्हणाली, "हाइझुंग, क्लार," म्हणजे हीटिंगच, यात विचारायचं काय. कराडहून आलेल्या सासूबाई उन्हाळाभर आमच्याकडे होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचं तुम्ही बघा." मीही हळूहळू मनाची तयारी केली होती. हीटिंग घेऊ, गाडीखाली जायचं असेल तेव्हा जॅक लावून पाठीवर सरपटत जाऊ, असं ठरवत आणलं होतं.

मग माझ्या जुन्या गाडीचा पुढच्या डाव्या बाजूने आवाज यायला लागला.

गावातल्या दगडी रस्त्यावरून गेलं की ठक-ठक. मला तो आवाज ओळखीचा होता. लोअर आर्म म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारा दांडा; त्याच्या मागच्या बुशचं रबर फाटलं की असाच आवाज येतो, आणि असे बुश मी नोकरीत डिझाइन करते. पण जॅकवर ते काम नीट होत नाही, म्हणून गाडी गावातल्याच वेर्कश्टाटमध्ये, म्हणजे गॅरेजमध्ये नेली. मालक स्वतः माइस्टर, म्हणजे परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलेला कारागीर, साठीच्या आतबाहेरचा, केस मागे वळवलेले, अंगात नेहमी धुतलेला निळा कोट. नवरा दुसरी गाडी घेऊन मागून आला होता, मला परत आणायला.

मी सगळं सांगितलं. कुठल्या बाजूचा, कुठला बुश, आवाज केव्हा येतो. माझं जर्मन चांगलं आहे. उच्चार आपला आहे, पण व्याकरण चुकत नाही. माइस्टर ऐकत होता, पण बघत होता माझ्या नवऱ्याकडे. माझं बोलून झाल्यावर त्याने नवऱ्यालाच विचारलं, "आणि साहेबांचं काय म्हणणं आहे?"

नवरा म्हणाला, "इंजिनियर ही आहे."

"अच्छा, इंजिनियर!" माइस्टर हसला. "कॉम्प्युटरवाल्या?"

"नाही," मी म्हणाले. "सस्पेन्शन."

"बरं, बरं. चित्र काढणं वेगळं असतं हो." आणि त्याने किल्ली घेतली.

गाडी परत मिळाली तेव्हा त्याने सांगितलं की दोन्ही बाजूंचे बुश नवे घातले आहेत. मी पैसे दिले, बरोबर आलेल्या नवऱ्याला घेऊन निघाले, आणि वेर्कश्टाटच्या कोपऱ्यावरच ठक-ठक. तशीच परत वळले. आत चार-पाच गिऱ्हाइकं कॉफी पीत उभी होती, त्यांत आमच्या शेजारच्या आजीही होत्या. वयाने पंचाहत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या, कुंपणापलीकडून फक्त कचऱ्याच्या डब्यांबद्दल बोलणाऱ्या. मी म्हणाले, आवाज तसाच आहे, गाडी वर घ्या, मला खालून बघू द्या. तो म्हणाला, गिऱ्हाइकाला गाडीखाली जायची परवानगी नाही, विम्याचा प्रश्न येतो. नवे बुश आहेत, बसायला वेळ लागतो.

मी म्हणाले, "नव्या बुशला आवाज नसतो. फाटलेल्याला असतो."

तेव्हा तो माझ्या गाडीत जाऊन बसला, खिडकीची काच खाली केली, आणि रेडिओचा आवाज मोठ्ठा केला. "झालं!" तो ओरडला. "आता येतोय का आवाज?"

सगळे हसले. शेजारच्या आजी हसल्या, तोंडावर हात ठेवून. काउंटरमागची बाई हसली. आणि माझा नवराही हसला.

घरी येताना मी त्याला विचारलं, "तू का हसलास?"

"अगं, वातावरण जरा हलकं व्हावं म्हणून."

"कुणासाठी?"

 पुढे बरेच दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले.

त्याच शनिवारी मी घरासमोर गाडी जॅकवर घेतली आणि पाऊस पडत असताना खाली सरपटत गेले. मान वाकडी करून, चिखलात पाठ भिजवत, टॉर्च दातांत धरून बघितलं. बुश जुनाच होता. रबराला बोट जाईल अशी चीर होती, आणि बोल्टवरचा गंज इतका सलग की त्याला कित्येक वर्षांत कुणी पाना लावलेला नव्हता. मी फोटो काढले. सोमवारी ते घेऊन गेले तर त्याने फोनकडे नीट बघितलंही नाही. "हे कुठल्याही गाडीचे असू शकतात. किंवा तुम्हीच जुने परत बसवले असतील. सिद्ध करा."

मी फोन खिशात टाकला. मला भांडता येत नाही. राग आला की माझं जर्मन पळून जातं आणि मराठीही फारसं हाताशी राहत नाही. पण घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: या माणसाला मी असं सोडणार नाही. कोर्ट, तक्रार, इंटरनेटवर वाईट शेरा, यातलं काही मला नको होतं. तो जसा चार लोकांत माझ्या गाडीत बसून हसला होता, तसं चार लोकांतच काहीतरी मला हवं होतं. नक्की काय, ते कळत नव्हतं.

ते कळलं सासूबाईंमुळे. दोन दिवस मी जेवताना नुसती भाताशी खेळतेय हे त्यांनी बघितलं होतं. दुपारी भाजी निवडता निवडता त्यांनी सगळं काढून घेतलं आणि मग म्हणाल्या, "आमच्याकडे रॉकेल मिळायचं तेव्हा एक दुकानदार होता. त्याच्या मापाच्या बुडाला पोचा होता. आतून वर आलेला. दर मापाला एवढं एवढं रॉकेल कमी."

"मग तुम्ही काय केलंत?"

"सांगून बघितलं. म्हणाला, बाई, तुम्ही जरा चष्मा बदला. रांगेतले सगळे हसले. मग मी घरून माझं माप न्यायला लागले. मी तेव्हा शाळेत शिकवायचे; शाळा सुटली की दुकानाच्या पायरीशी उभी राहायची, आणि जो कुणी रॉकेल घेऊन बाहेर येईल त्याला म्हणायची, ओता बघू यात. बस. त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. लोक आपसूक बोलायला लागले."

"किती दिवस?"

"त्याने माप बदललं तोवर. आणि त्यानंतरही थोडे दिवस." त्या मेथीची काडी मोडत म्हणाल्या, "अजून आठवलं की मला फार बरं वाटतं बघ."

 या बाईंची मी अठरा वर्षं सून होते, आणि हे मला माहीत नव्हतं.

"आई," मी म्हणाले, "मी लिफ्ट घेते."

"घे," त्या म्हणाल्या. "थंडीचं काय, स्वेटर घालता येतो."

नवऱ्याने शेवटचा प्रयत्न केला. "अगं, रागात निर्णय घेऊ नकोस. हीटिंग रोज उपयोगी पडेल. लिफ्ट महिन्यातून किती वेळा लागणार तुला?" मी म्हणाले, दर शनिवारी. त्याला वाटलं मी नुसतं बोलतेय.

सासूबाई परत गेल्या आणि ऑक्टोबरात जमीन फोडली. काँक्रीट ओतलं, ते वाळेपर्यंत वाट बघितली, मग दोन निळे खांब उभे राहिले. पहिल्यांदा माझीच गाडी वर घेतली. बटण दाबलं, मोटर गुरगुरली, आणि गाडी माझ्या डोक्याच्या वर जाऊन थांबली. तिच्याखाली मी ताठ मानेने चालत गेले. पावसात चिखलात लोळून जे बघितलं होतं ते आता डोळ्यांसमोर, दिव्याच्या उजेडात होतं. बुश मी दोन तासांत बदलले. जुने फेकले नाहीत. खांबाशेजारच्या फळीवर शोभेच्या वस्तूसारखे ठेवले.

आणि मग मी लोकांना बोलावायला सुरुवात केली.

माझा नियम साधा होता. गाडी वर घ्यायची, टॉर्च गाडीच्या मालकाच्या हातात द्यायची, आणि दाखवायचं. दुरुस्ती करायची नाही, पैसे घ्यायचे नाहीत. इथे माइस्टरचं प्रमाणपत्र नसताना गाड्या दुरुस्त करायचा धंदा करता येत नाही, आणि मला धंदा करायचाच नव्हता. आधी आपली मंडळी आली. ब्राउनश्वाइगच्या आमच्या बाजूच्या टोकाला राहणारी दोन कुटुंबं, दोन्ही त्याच वेर्कश्टाटमध्ये जाणारी, कारण ते जवळ पडतं. मग बायकांच्या व्यायामाच्या वर्गातल्या एकीने तिची गाडी आणली, तिने तिच्या बहिणीला सांगितलं. डिसेंबर आला तशा शनिवारी सकाळी शेडबाहेर दोन-तीन गाड्या थांबायला लागल्या.

"हे त्याने बदललं म्हणाला ना? बोट लावून बघा. नवं वाटतं?"

लोक बोट लावायचे. बोटाला जुना चिखल लागायचा. मी त्यावर काही बोलायची नाही. माइस्टरचं नाव माझ्या तोंडून कधी आलं नाही. ती शांतता मला आवडायची. माणूस गाडीखाली उभा आहे, टॉर्च धरून वर बघतोय, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू ते उमटतंय. कॉफीपेक्षा मला त्याने जास्त ऊब यायची.

प्रत्येक वेळी लबाडी सापडायची असं मात्र नाही. एकदा एका शिक्षकाच्या गाडीचा सायलेन्सर माइस्टरने बदलला होता, आणि काम सुरेख होतं. प्रत्येक क्लॅम्प सरळ, प्रत्येक नट नवा. मी शोध शोध शोधलं, काही मिळेना. शेवटी म्हणाले, "काम छान केलंय." शिक्षक खूश होऊन गेला. मी दिवसभर चिडचिड केली. मुलगी म्हणाली, "ममा, दू बिस्ट फेरऱ्युक्ट," म्हणजे तुला वेड लागलंय. लागलं होतं. मला त्याची खंत नव्हती.

थंडीने मात्र आपला वाटा घेतला. शेडमध्ये बोलताना तोंडातून वाफ निघायची. माझ्या बोटांच्या सांध्यांवर लाल सूज आली, ती रात्री अंथरुणात गेलं की खाजायची. लिफ्टचं तेल गारठून घट्ट व्हायचं आणि गाडी कण्हत कण्हत वर जायची. नवरा दारातून डोकावून म्हणायचा, "हीटिंग घेतलं असतं तर..." आणि माझ्याकडे बघून वाक्य अर्धवट सोडायचा.

जानेवारीत सासूबाई पुन्हा आल्या. म्हणाल्या, तुझी लिफ्ट बघायचीय. कानटोपी, शाल, दोन जोड्या मोजे असा सरंजाम करून त्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसायच्या, आणि येईल त्याला थर्मासमधला आल्याचा चहा द्यायच्या. त्यांना जर्मन येत नव्हतं, लोकांना मराठी येत नव्हतं, पण गाडीखाली काही सापडलं की त्यांना ते माझ्या पाठीवरून कळायचं.

फेब्रुवारीत आम्टमधून, म्हणजे सरकारी कचेरीतून दोघं आले. एक बाई नगरपालिकेच्या, एक गृहस्थ कारागिरांच्या संघटनेतर्फे. इथे विनापरवाना गाड्या दुरुस्त होतात अशी तक्रार आली होती. तक्रार कुणी केली हे सांगता येत नाही, असं बाई म्हणाल्या. मग त्यांनी शेड बघायला सुरुवात केली. तेलाचे पिंप आहेत का, जुने सुटे भाग साठवलेत का, दरपत्रक लावलंय का. फळीवरचे माझे दोन फाटके बुश गृहस्थांनी उचलून बघितले.

"हे कुणाचे?"

"माझ्या गाडीचे. आठवण म्हणून ठेवलेत."

बाईंनी हातमोजा काढून लिफ्टच्या खांबाला हात लावला आणि लगेच मागे घेतला. "इथे हीटिंग कुठे आहे?"

"नाहीये. हीटिंग किंवा लिफ्ट, दोन्हीतलं एकच जमणार होतं."

"म्हणजे तुम्ही अशाच थंडीत काम करता?"

"काम करत नाही. बघते. लोकांना दाखवते."

गृहस्थांनी खांदे वर केले. ते जन्मभर वेर्कश्टाटं बघत आले असावेत. "एवढ्या थंडीत इथे कुणी पैसे मिळवत नाही," ते बाईंना म्हणाले. "कामगार पहिल्याच दिवशी पळून जाईल." सासूबाईंनी तेवढ्यात दोघांच्या हातात चहा ठेवला होता. पेला दोन्ही हातांत धरून बाईंनी विचारलं, "गावातल्या माइस्टरशी तुमचं काही भांडण आहे का?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणाले. "आहे."

दोघांनी चहा संपवला आणि गेले. पुन्हा कुणी आलं नाही. हीटिंग असतं, एखादं टेबल, गरम हवा, बसायला खुर्च्या असत्या, तर त्यांनी काय म्हटलं असतं कोण जाणे. त्या दिवशी मी मनापासून त्या थंडीचे आभार मानले. आणि तक्रार कुणी केली तेही आता कळलं होतं. म्हणजे त्याला झोंबलं होतं. संध्याकाळी मी गोड शिरा केला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शेजारच्या आजी आल्या. कुंपणाच्या फाटकातून, काठी टेकत. मला बघून जरा अवघडल्या. त्या दिवशीचं हसणं त्यांनाही आठवत असावं. त्यांच्या छोट्या गाडीला ब्रेक दाबला की खरखर यायची. माइस्टरने मागच्या डिस्क आणि पॅड बदलले होते, तरी येत होती. "बघाल का जरा?"

मी गाडी वर घेतली आणि मागचं चाक काढलं. बघण्यासाठी चाक काढायला माझी ना नव्हती. डिस्क झिजून तिची कड वर राहिली होती, चांगली नख अडकेल एवढी. पॅड संपलेले, लोखंडावर लोखंड घासत होतं. दुसऱ्या बाजूलाही तेच. माझ्या बुशची चेष्टा वेगळी आणि हे वेगळं. या गाडीतून ही बाई दर रविवारी मुलीकडे हायवेने जात होती.

टॉर्च त्यांच्या हातात होती. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "याच्या आईला मी ओळखत होते. हा माझ्या स्वयंपाकघरात बसून पॅनकेक खायचा." आणि तिथेच उभं राहून त्यांनी त्याला फोन लावला. आवाज चढवला नाही. "लगेच ये. माझ्या घरी नाही, शेजारी. होय, त्यांच्याकडेच. मी थांबलेय."

तो आला. तोवर नवरा शेडमध्ये आला होता, पलीकडच्या घरातलं जोडपंही आलं होतं, सासूबाई खुर्चीत होत्याच. माइस्टर दारातून आत आला आणि सवयीने त्याची नजर आधी माझ्या नवऱ्याकडे गेली. नवऱ्याने काय केलं, तर तो बाजूला सरकून भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि त्याने माझ्याकडे हात केला. त्या एका हालचालीसाठी मी त्याला उन्हाळ्यातलं ते हसणं माफ केलं. माइस्टरला माफ करण्यासारखं काही मला दिसत नव्हतं.

"या खाली," मी म्हणाले. "बघा."

त्याने बघितलं. सगळे बघत असताना बघितलं. मग म्हणाला, "हे माझ्या माणसाकडून राहून गेलेलं दिसतं."

"झालं म्हणून मला कुणी सांगितलं?" आजींनी विचारलं.

 त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, थंडीने की कशाने ते सांगता येणार नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "गाडी खाली घ्या. मी वेर्कश्टाटला नेतो, करून देतो, पैसे घेणार नाही."

"नाही," मी म्हणाले. माझं जर्मन त्या दिवशी कुठेही पळालं नाही. "या ब्रेकवर गाडी रस्त्यावर जाणार नाही. भाग आणा आणि इथे करा. आत्ता."

त्याने आजींकडे बघितलं. आजींनी मान हलवली. तो गेला आणि डिस्क, पॅड, हत्यारं घेऊन परत आला. मला वाटलं होतं येणार नाही, आला.

आणि मग माझ्या लिफ्टवर, माझ्या शेडमध्ये, त्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत त्याने ते काम केलं. मी कोटाच्या खिशात हात घालून दोन पावलांवर उभी होते. प्रत्येक बोल्ट बघत होते. त्याच्या बोटांना लवकरच काही कळेनासं झालं. पाना सटकला आणि पेराची कातडी सोलली. त्याने बोट तोंडात धरलं आणि वर छपराकडे, भिंतींकडे बघत विचारलं, "इथे हीटिंग नाही?"

"नाही," मी म्हणाले. "लिफ्ट घेतली."

सासूबाईंनी मागून मराठीत विचारलं, "अगं, चहा देऊ का त्याला?"

"नको, आई."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

काम झाल्यावर मी टॉर्चने चारही बाजूंनी तपासलं. एक क्लिप उलटी बसली होती. मी बोट ठेवून दाखवली. त्याने ती काढून पुन्हा बसवली. मग हत्यारं उचलली आणि कुणाकडे न बघता निघून गेला. आजींनी माझा हात हातात घेतला, बोटांवरची सूज बघितली आणि एवढंच म्हणाल्या, "तुम्ही बर्फासारख्या झालात." दुसऱ्या दिवशी फाटकाला प्लमचा केक टांगलेला होता.

गाव लहान आहे. आजींनी काय सांगितलं, कुणाला सांगितलं, मी विचारलं नाही. वेर्कश्टाटच्या आवारातल्या गाड्या कमी होत गेल्या, ते मी रोज कामावर जाता-येता बघत होते. मुद्दाम तोच रस्ता घ्यायची. उन्हाळ्यात त्याने जागा एका टायरवाल्याला भाड्याने दिली आणि स्वतः दुसऱ्या गावात कुणाकडे तरी नोकरीला लागला.

नवऱ्याने एकदा विचारलं, "आता कसं वाटतंय? रिकामं रिकामं?" त्याने कुठेतरी वाचलं असणार की सूड घेऊन माणसाला समाधान मिळत नाही. मी खरंच विचार केला, आणि खरं तेच सांगितलं. छान वाटतंय. भूक लागते. झोप लागते. तो माणूस वाकून माझ्या लिफ्टखाली उभा आहे हे चित्र मी अजून कधीमधी ऑफिसच्या कंटाळवाण्या मीटिंगमध्ये काढून बघते, आणि दर वेळी ते तितकंच चांगलं असतं. त्याला काम येत होतं, हे मला त्या शिक्षकाच्या सायलेन्सरमुळे ठाऊक होतं. येत असून त्याने केलं नाही, म्हणून तर माझा राग निवला नाही.

हल्ली माइस्टर मला क्वचित दिसतो. परवा सुपरमार्केटमध्ये काउंटरच्या रांगेत माझ्या पुढेच होता. त्याच्याकडे एक पाव आणि दुधाची पिशवी, माझी ट्रॉली काठोकाठ भरलेली. त्याने मागे वळून बघितलं, ओळखलं, आणि क्षणभराने बाजूला सरकून मला पुढे जायची खूण केली. मागच्या लोकांना वाटलं असेल, काय सभ्य गृहस्थ आहे. मी पुढे गेले. डांके म्हणाले नाही. आणि माझं सामान काउंटरच्या सरकत्या पट्ट्यावर एकेक करून, अगदी सावकाश ठेवायला लागले.